भिंतीवरची मूल्यं, जिन्याखालचे डबे

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातल्या भाषणाचं शब्दांकन)

मला आज बोलायला दिलेला विषय आहे 'कंपनीची मूल्यं आणि कामाच्या ठिकाणचं वातावरण'. तुमच्यापैकी काहीजणी म्हणाल, हा कंपनीवाल्यांचा विषय, आपल्या शिबिरात कशाला? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण आपल्या वस्तीतल्या, गावातल्या बायका आज या कंपन्यांमध्येच झाडलोट करतात, पॅकिंगला बसतात, कँटीनमध्ये पोळ्या लाटतात. तेव्हा विषय आपलाच आहे.

बोलताना मी माझी एक चूकही सांगणार आहे. त्या बाईच्या परवानगीने सांगते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काही वर्षांपूर्वी एका कंपनीने मला त्यांच्या अंतर्गत समितीवर बाहेरची सदस्य म्हणून घेतलं. 2013 च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अशी समिती नेमावी लागते आणि तिच्यात स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेची एक व्यक्ती लागते. मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, संस्थेत काम करणारी, म्हणून मला बोलावलं. दारातून आत गेलं की समोर भिंतीवर काचेची मोठी पाटी. तिच्यावर इंग्रजीत कंपनीची पाच मूल्यं. सन्मान, सचोटी वगैरे. शेवटचं होतं, 'आम्ही सारे एक कुटुंब'.

कुटुंब म्हटलं की आपल्याला तरी लगेच प्रश्न पडायला हवेत. या कुटुंबात पोळ्या कोण लाटतं? शेवटी कोण जेवतं? आणि आवाज चढवला तर घराबाहेर कोणाला काढतात?

त्या कुटुंबात ठेकेदारामार्फत आलेल्या सफाईच्या बायका जिन्याखाली बसून डबा खात. कँटीन 'स्टाफ'साठी होतं. त्यांच्यातल्याच एकीने कंपनीच्या सुपरवायझरविरुद्ध तक्रार केली. कायद्याने ठेक्यावरची बाईसुद्धा समितीकडे येऊ शकते, म्हणून तक्रार दाखल झाली. आम्ही चौकशी केली. दोन्ही बाजू ऐकल्या, साक्षी घेतल्या, 90 दिवसांच्या मुदतीत अहवाल दिला. तक्रार खरी ठरली. सुपरवायझरला लेखी ताकीद मिळाली, त्याची वेतनवाढ थांबली. मी सही केली आणि समाधानाने घरी आले.

तीन-चार महिन्यांनी बचत गटाच्या बैठकीत ती भेटली. म्हणाली, "ताई, तुमची समिती जिंकली. माझं काम गेलं."

झालं होतं असं. चौकशी चालू असतानाच ठेकेदाराने तिला दुसऱ्या साईटवर पाठवलं. दोन बस बदलून जायचं, मुलांच्या शाळेची वेळ चुकायची. पुढे ठेक्याचं नूतनीकरण झालं तेव्हा नव्या यादीत तिचं नावच नव्हतं. कोणी तिला काढलं नाही. फक्त नाव लिहिलं नाही.

माझी चूक इथे आहे. 'तक्रारदार महिलेची तिच्या सुरक्षेसाठी बदली' असं एक वाक्य कागदपत्रांत होतं. ते मी वाचलं होतं. चौकशीच्या काळात बदली करता येते, पण बाईने तशी लेखी मागणी केली असेल तर. तिने केली होती का, हे मी विचारलंच नाही. मला वाटलं, बरं झालं, त्या माणसापासून दूर गेली. छळ करणारा जागच्या जागी राहतो आणि जागा सोडते ती बाई, हे घरातलं गणित मी आयुष्यभर भाषणांत मांडत आले. कंपनीच्या कागदावर ते समोर आलं तेव्हा मला ओळखता आलं नाही.

मैत्रिणींनो, हा कायदा कुठून आला ते आठवा. भंवरीदेवी राजस्थानातल्या भटेरी गावच्या, सरकारच्या महिला विकास कार्यक्रमातल्या साथिन. पगार नव्हता, मानधन होतं. सरकारचंच काम म्हणून त्यांनी बालविवाह रोखायचा प्रयत्न केला. त्याचा सूड म्हणून 1992 साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. 1995 साली खालच्या कोर्टाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केलं. काम सरकारचं, पण त्या कामात बाईवर जे ओढवलं त्याची जबाबदारी कोणाची? हा प्रश्न घेऊन स्त्री-संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि 13 ऑगस्ट 1997 ला विशाखा निकालाची मार्गदर्शक तत्त्वं आली. कायदा व्हायला पुढे सोळा वर्षं लागली. मे 2023 मध्ये गोव्यातल्या एका विद्यापीठातल्या प्रकरणात निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा म्हणावं लागलं की, या कायद्याच्या अंमलबजावणीत गंभीर त्रुटी आहेत. त्याच प्रकरणात समितीने चौकशी घाईने उरकल्यामुळे आधीची कारवाई रद्द झाली. म्हणजे समिती नीट चालली नाही तर नुकसान तक्रार करणाऱ्या बाईचंही होतं.

मानधनावरच्या एका गावातल्या बाईमुळे मिळालेला हा हक्क आज काचेच्या इमारतीत पोचला आहे. तिथल्या जिन्याखाली मात्र तो अजून पोचायचा आहे.

मग मूल्यं म्हणजे नुसतं ढोंग का? मला तसं वाटत नाही. पाटी काढून टाका, असं मी म्हणणार नाही. लिहिलेलं असलं की धरता येतं. 'सन्मान' लिहिलाय ना, मग दाखवा कुठे आहे. सन्मान हा मोजता येतो. केरळमध्ये कोझिकोडच्या कापड दुकानांतल्या बायकांनी तो खुर्चीने मोजला. दिवसभर उभं राहायचं, गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, लघवीला जायला सोय नाही. पेशाने शिंपीकाम करणाऱ्या विजी यांच्या पुढाकाराने 'पेणकूट्टं' ही बायकांची संघटना उभी राहिली, वर्षानुवर्षं लढली. 2018 मध्ये केरळ सरकारने बसण्याचा हक्क कायद्यात आणला, 2021 मध्ये तमिळनाडूनेही तशी दुरुस्ती केली. एक साधी खुर्ची! पण त्या दुकानात बाईला माणूस मानतात की नाही, ते तिच्यावरून कळतं.

तेव्हा कुठल्याही कंपनीत, दुकानात, कारखान्यात गेलात तर पाटी वाचून झाल्यावर थोडं आत जा आणि विचारा:

सफाईच्या बायका डबा कुठे खातात? त्यांना कोणतं स्वच्छतागृह वापरू देतात?

समितीची नावं कुठे लावली आहेत, आणि ती त्या बायकांना वाचता येतील अशा भाषेत आहेत का?

50 किंवा जास्त माणसं कामाला आहेत, तर पाळणाघर आहे का? असलं, तर ठेक्यावरच्या बाईचं मूल तिथे चालतं का?

बाळंतपणाहून परत आलेल्या किती बायका वर्षभराने कामावर आहेत?

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, शेवटची तक्रार ज्या बाईने केली ती आज कुठे आहे?

आपल्यातल्या ज्या अशा समित्यांवर आहेत त्यांच्यासाठी आणखी थोडं. आपल्याला भत्ता कंपनी देते, चहा कंपनी देते, गाडीही पाठवते. अवघड प्रश्न विचारताना तो चहा घशाशी येतो, हे आपण एकमेकींत तरी कबूल करू. तक्रारदार बाईची बदली, रजा, पाळी यांतलं काहीही बदललं तर कागद मागा. तिने सांगितलं म्हणून, की तिला सांगितलं म्हणून, एवढं विचारा. पटलं नाही तर वेगळं मत लेखी नोंदवा. अहवाल दिल्यावर तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी ती कामावर आहे का, ते पाहा. हे कायद्यात लिहिलेलं नाही, पण आपण पहिल्याच बैठकीत तसा ठराव करून घेऊ शकतो. मी आता करते. एका ठिकाणी त्यांनी मला पुन्हा बोलावलं नाही. चालायचंच.

आता थोडं घरचं. आपल्या संस्थेच्या भिंतीवरही समता लिहिलेली आहे. वस्तीत फिरणाऱ्या कार्यकर्तीला आपण काय देतो? मानधन. तिला आजारपणाची रजा आहे? आपलं ऑफिस झाडणाऱ्या मावशी बैठकीला बसतात की चहा देऊन बाहेर जातात? संस्थेत दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती आपल्यालाही लागते. दहापेक्षा कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, ती कार्यकर्तीला माहीत आहे का? ते म्हणतात 'आम्ही कुटुंब आहोत', आपण म्हणतो 'आपण चळवळ आहोत'. दोन्हीकडे बाई जास्तीचे तास फुकटच राबते.

त्या मैत्रिणीचं पुढे काय झालं? युनियनचे एक दादा आणि मी ठेकेदाराकडे चकरा मारल्या. थकलेले पैसे मिळाले. काम परत मिळालं नाही. आता ती दोन घरी स्वयंपाक करते.

ती काचेची पाटी रोज सकाळी पुसायचं काम तिचंच होतं. एकदा तिने मला विचारलं, "ताई, तीन वर्षं मी ते पुसलं. त्यात लिहिलं काय होतं हो?" मी एकेक मूल्य मराठीत सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे आधी कळलं असतं तर तक्रारीत लिहिलं असतं."

तेव्हा आपल्या भागातल्या कंपनीतली अशी पाटी उतरवून आणा, मराठीत करा आणि ती पुसणाऱ्या बाईच्या हातात द्या. पुढच्या शिबिरात येताना एवढं एक काम करून या.