पगार किती मागावा?

(सावंतवाडी तालुक्यांतील एका प्राथमिक शाळेंत पालकांच्या सभेपुढें केलेलें भाषण)



मुलें शाळेंत घाला म्हणून आम्ही तुमच्या दारीं कितीदां तरी आलों. आज, शिकून झाल्यावर पुढें काय, याविषयीं बोलावयाचें आहे. शिकलेल्या मुलानें पगार किती मागावा व आईबापांनीं आशा किती धरावी? हा प्रश्न लाजेचा नव्हे. काजू बी बाजारांत नेणारा शेतकरी भाव विचारल्याविना पोतें सोडीत नाहीं. मग पोराचीं पंधरा वर्षें भाव न विचारतां कां सोडावीं?

प्रथम एक हकीकत सांगतों. आमची एक विद्यार्थिनी तीन वर्षें शिकून परिचारिका झाली. बाप चिरेखाणीवर. एका दवाखान्यानें तिला दरमहा 8,000 रुपये देऊं केले. बाप आमच्याकडे आला व म्हणाला, "गुरुजी, चेडू तीन वर्सां शिकलां, आणि पगार माझ्यापेक्षां कमी?" आम्ही वही काढली. त्याची हजेरी 600 रुपये, महिन्याचे दिवस 24, म्हणजे 14,400. पण पावसांत खाण बंद. आठ महिन्यांची कमाई बारा महिन्यांवर वांटली तर 9,600 पडतात. इतक्यांत घर चालवून त्यानें मुलीस शिकविलें. वर कर्जाचा हप्ता 3,000. आतां दुसरें माप घ्या. 2024-25 सालीं महाराष्ट्रांत रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला 297 रुपये होती. 26 दिवसांचे 7,722 होतात. म्हणजे तीन वर्षांच्या विद्येची आणि रात्रपाळीच्या जागरणाची किंमत त्या दवाखान्यानें महिन्यास 278 रुपये ठरविली!

पोर गोव्यांत गेली. तेथें 19,000 मिळतात. खोली, खानावळ व प्रवास वजा जातां हातीं 11,000 उरतात. येथें 15,000 मिळते तर घरच्या भाकरीवर तितकेच उरले असते, आणि आईच्या आजारपणांत ती जवळ असती. तिनें 15,000 च मागितले होते. ती मागणी अवाजवी होती काय?

आतां दुसरी बाजू. ती न सांगितली तर आम्ही खोटे ठरूं. आमचाच एक विद्यार्थी इंजिनियर झाला. जवळच 14,000 ची नोकरी चालून आली. पुण्यास मित्राला 40,000 मिळतात, म्हणून यानें ती नाकारली. बापानेंही मान डोलावली, कारण लोक काय म्हणतील! मुलगा तीन वर्षें घरीं आहे. 14,000 प्रमाणें 36 महिन्यांचे 5,04,000 झाले. तितकें धन गेलें, हातची विद्या गंजली, आणि काजूची बाग गहाण पडली. पुण्याच्या 40,000 मधून पुण्याचें भाडें वजा करावयाचें असतें, हें त्यास कोणीं सांगितलें नाहीं. दोष त्याचा एकट्याचा नव्हे. आम्हां शिक्षकांचाही आहे. आम्ही व्याजाचीं गणितें शिकविलीं, पगाराचें शिकविलें नाहीं.

मग वाजवी तें किती? हा विचार आजचा नव्हे. 1882 सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत जोतीराव फुले यांनीं प्राथमिक शिक्षकाचा पगार 12 रुपयांहून कमी नसावा, व मोठ्या गांवीं 15 किंवा 20 रुपये असावा, असें मागितलें. यांत दोन तत्त्वें आहेत: खालची एक हद्द असावी, आणि स्थळ पाहून वाढ व्हावी. 1884 सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांनीं मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या. त्यांत रविवारची सुटी होती, दुपारची विश्रांति होती, आणि पगार पुढील महिन्याच्या 15 तारखेच्या आंत मिळावा, हीही मागणी होती. म्हणून आंकड्याबरोबर तारीखही विचारा. 1957 सालच्या भारतीय श्रम परिषदेनें किमान वेतन मोजतांना कामगाराच्या कुटुंबाचें अन्न, माणशी वर्षाला 18 वार कापड, घरभाडें व सरपण-दिवाबत्ती धरली. 1991 सालीं सर्वोच्च न्यायालयानें मुलांचें शिक्षण, औषधपाणी, सणवार व म्हातारपण यांसाठीं आणखी 25 टक्के धरण्यास सांगितलें. किमान म्हणजे एका पोटापुरतें नव्हे, हें यावरून ध्यानांत यावें.

आम्ही स्वतः शिक्षणसेवक म्हणून लागलों तेव्हां तीन वर्षें दरमहा 3,000 वर काढलीं. त्या वेळीं वाडींतील गवंडी आमच्याहून अधिक घरीं नेई. आम्हांस त्याचा हेवा वाटला नाहीं, पण स्वतःची लाज मात्र वाटे; ती व्यर्थ होती. 2023 सालीं प्राथमिक शिक्षणसेवकाचें मानधन 6,000 वरून 16,000 झालें. तें मागितल्यामुळें झालें. लाजून बसल्यानें झालें नाहीं.

आमच्या चितारआळीचा कारागीर लाकडी फळाची किंमत कशी सांगतो? लाकूड किती, रंग किती, दिवस किती, आणि घेणाऱ्याची ऐपत किती. तोच हिशेब येथें लावा. गांवच्या गवंड्याची वर्षाची कमाई बारांनीं भागा. शिकलेल्याचा पगार त्याहून खालीं नसावा. शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता मिळवा. परगांवचा पगार असेल तर भाडें व खाणें वजा करून हातीं उरेल तेंच मोजा. आणि शेवटीं हेंही पाहा, कीं आपल्या गांवीं हा पगार ज्याच्या खिशांतून येणार तो बहुधा तुमच्यासारखाच शेतकरी आहे. डॉक्टरची फी व वकिलाची फी तोच भरतो. 10,000 वर जगणाऱ्या घरांच्या जोरावर पहिल्याच वर्षीं 50,000 ची आशा धरणें म्हणजे शेजाऱ्याची विहीर उपसणें होय.

हिशेबाच्या खालीं जाऊं नका. हिशेबाच्या फार वरही चढूं नका. पहिली नोकरी काम शिकण्याची समजा, पण वर्षानें वाढ किती, तें आधींच लिहून घ्या.

येत्या रविवारीं आम्ही शाळेच्या ओट्यावर बसणार आहों. ज्यांच्या मुलांना नेमणुकीचें पत्र आलें असेल त्यांनीं तें घेऊन यावें. मुलींच्या आयांनीं तर अवश्य यावें. वही आमची, हिशेब तुमचा.