नाण्यावरचा घाव आणि पुराव्याची शिस्त



आज एकाच प्रश्नावर बोलणार आहे. कापलेले, भोक पडलेले, चेपलेले नाणे हाती आले, तर ते सरकारने रद्द केले की कुणी खासगीत बिघडवले, हे कसे ठरवायचे? बाजारात अशा नाण्याला ‘टांकसाळीने रद्द केलेले, दुर्मिळ’ अशी चिठ्ठी लागते आणि भाव चढतो. अंबरनाथच्या शिवालयाचा काळ आपण खात्रीने सांगतो, कारण तिथे शके ९८२ चा शिलालेख आहे. घावाला असा लेख नसतो. म्हणून पुरावा हाती येईपर्यंत ही चिठ्ठी लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिला पुरावा म्हणजे सारखेपणा. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी तेरा हजारांवर, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीचा ठसा पुन्हा मारलेला. त्यातले एकच नाणे पाहिले, तर नहपानाचा चेहरा कुणीतरी रागाने बिघडवला असे वाटावे. हजारो नाणी शेजारी मांडली की एका बाजूला तीन कमानींचा पर्वत आणि सातकर्णीचे नाव, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, अशी जोडी पुन्हा पुन्हा दिसते. हे राजाज्ञेचे काम आहे. आणि त्या आज्ञेने नाणे बाद झाले नाही. नहपानाची सत्ता संपली, चांदी मात्र नव्या राजाच्या नावाने चालू राहिली. अधिकृत ठसा म्हणजे रद्दच, हे समीकरण इथेच मोडते.

याउलट प्राचीन आहत, म्हणजे ठसे मारून घडवलेल्या, नाण्यांच्या मागचे बारीक ठसे किंवा मुघल रुपयांवरच्या सराफी खुणा पाहा. आकार वेगळे, जागा वेगळ्या, कधी एकावर एक. या खुणा सराफांच्या मानल्या जातात: प्रत्येकाने चांदी तपासली, आपली खूण मारली आणि नाणे पुढे दिले.

दुसरा पुरावा झिजेचा आहे, आणि तो मला सर्वांत विश्वासाचा वाटतो. भिंगाखाली घावाची कड पाहा. ती चित्राइतकीच झिजून गुळगुळीत झाली असेल, तर घाव पडल्यावरही ते नाणे हातोहात फिरले. रद्द केलेले नाणे असे फिरणे अवघड. कड धारदार असेल, तर नाण्याचा व्यवहार त्या घावापाशी थांबला असावा. पण तो कुणी थांबवला, हे धार सांगत नाही.

भोकाचेच घ्या. दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवण्यासाठी १९४३ पासून भोकाचा पैसा टांकसाळीतच पाडला जात होता. त्याची नक्षी भोकाला वळसा घालून मांडलेली आहे. राणीछाप रुपयावर मात्र भोक मुकुटातून किंवा अक्षरातून आरपार गेले असेल, तर ते नंतरचे. खिळ्याने पाडले असेल तर मागच्या बाजूला धातू फुगतो. ड्रिलने पाडले असेल तर आतल्या भिंतीवर गोल रेघा दिसतात. काठावर डाखाचा अंश दिसला, की ते नाणे कधीतरी दागिन्यात वापरले होते असे समजावे.

इथे आपल्या परिसराचे बळ कामी येते. अंबरनाथच्या कारखान्यांतले फिटर, टर्नर, डायमेकर यांचा रोजचा संबंध हत्यारांच्या खुणांशी असतो. दोन नाणी व्हाइसमध्ये एकमेकांवर दाबली की एकाची अक्षरे दुसऱ्यावर उलटी आणि खोल उमटतात, आणि त्याच जागी मूळ नक्षी सपाट होते. हे नाणे टांकसाळीची चूक म्हणून खपवले जाते. खऱ्या चुकीत उलटे चित्र मूळ ठशाच्या जागी असते आणि दुसरी बाजू नीट पडलेली असते. हा फरक कारागिराला लगेच दिसतो. आपल्या बैठकांना त्यांना सन्मानाने बोलवा.

तिसरा पुरावा कायद्याचा. १९०६ च्या नाणे कायद्याने अधिकृत अधिकाऱ्यांना वजनात उतरलेला, विद्रूप केलेला किंवा खोटा रुपया कापण्याचा अधिकार दिला होता. केवळ वापराने झिजलेल्या नाण्याचा मोबदला मिळे. लबाडीने विद्रूप केलेल्या नाण्याचे तुकडे मात्र आणणाऱ्यालाच परत देत आणि नुकसान त्याच्या माथी येई. खोट्या रुपयाचे तुकडेही असे परत जाऊ शकत. म्हणून घरच्या पेटीत कापलेला रुपया निघाला, तर आधी त्याचे वजन करा. चांदीचा पूर्ण रुपया ११.६६ ग्रॅमचा. सगळे तुकडे मिळूनही वजन फारच कमी भरले, किंवा कापात चांदीऐवजी दुसराच धातू दिसला, तर कापण्याचे कारणही कळते. सरकारी काप असला म्हणजे नाणे मौल्यवान ठरते, असे नाही.

मित्रहो, माझी विनंती एवढीच. नाणे घासूनपुसून चकचकीत करू नका, कारण घावात साचलेला मळ हासुद्धा पुरावा आहे. वजन, दोन्ही बाजू आणि काठ यांची छायाचित्रे, नाणे कुठून आले ही माहिती, सारे नोंदवून ठेवा. १९४७ नंतर कल्याण कॅम्पात, म्हणजे आजच्या उल्हासनगरात आलेल्या कुटुंबांकडे पिढीजात नाणी असतील, तर त्यांचा प्रवास वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्या. जमिनीत साठा सापडला तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. जोगळटेंभीचा साठा अभ्यासाआधीच फुटून विखुरला असता, तर सातकर्णीच्या ठशाची ही शिस्त आपल्याला इतकी स्पष्ट दिसली नसती. आणि निर्णय होत नसेल, तिथे ‘घाव आहे, कर्ता अनिश्चित’ असे लिहा. अशी प्रामाणिक नोंद पुढच्या अभ्यासकाला उपयोगी पडते. खोटी खात्री त्याची वाट चुकवते.