पंपाचा वॉशर

शिवाजीनगर म्हटलं की मराठी माणसाला पुणं आठवतं, म्हणून आधीच सांगतो, मी बंगळूरच्या शिवाजीनगरातून बोलतोय. जवळच हलसूर तलाव आणि त्याच्या काठी मद्रास सॅपर्सचं केंद्र. मी तिथला अधिकारी. पूल बांधणं, सुरुंग काढणं, पाणी देणं ही सॅपरची कामं. आज फक्त पाण्याबद्दल.

१९९३ साली भारतीय ब्रिगेड संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर सोमालियात गेली. मुक्काम बैदोआला. दुष्काळ आणि यादवी, दोन्हींनी पोळलेला मुलूख. एका गावात बायका ज्या डबक्यातून पाणी भरत, त्यातच शेळ्या आणि उंट उतरत. आम्ही बोअर घेतली, हातपंप बसवला. पाणी आलं तशी पोरं नाचली. मी फोटो काढले.

पंप आपलाच, इंडिया मार्क टू. त्याचं मूळ जालना-सोलापूरकडचं आहे बरं का. एका घरासाठी केलेले बिडाचे पंप अख्ख्या गावानं हापसले की मोडायचे. तिथल्या मिशनच्या लोकांनी आणि मिस्त्र्यांनी पोलादी पंप केले, आणि त्यांच्यावरून १९७०च्या दशकात युनिसेफच्या मदतीनं मार्क टू तयार झाला. पुढे तो आफ्रिकाभर गेला. मी सोलापूर जिल्ह्यातला, म्हणून छाती जरा फुगली होती.

तीन महिन्यांनी त्याच वाटेनं गेलो. दांडा खालीवर होत होता, पाणी नव्हतं. बायका पुन्हा डबक्यावर. एकीच्या काखेत पोर, जुलाबानं डोळे खोल गेलेले. आमच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, ते वाचलं. आधीच्या महिन्यात गेलेल्या दोन मुलांची नावं मात्र ती सांगत राहिली. दुभाष्या थांबला, ती थांबली नाही.

आम्ही पाइप वर ओढले. सिलिंडरमधला अडीच इंची चामड्याचा वॉशर झिजला होता. एवढंच.

पंप बसवला तेव्हा आम्ही पुढाऱ्यांच्या हाती दांडा दिला आणि पाने गाडीत टाकून परत नेले. पाणी भरणाऱ्या एकाही बाईला सिलिंडर उघडून दाखवलं नाही. ते माझं काम होतं. दुसरी चूकही माझीच. छावणीत संडासाचा चर पाण्यापासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला, हा नियम मोडणाऱ्याला मी शिक्षा करायचो. गावात मात्र वडीलधाऱ्यांपुढे संडासाचा विषय काढायला मला संकोच वाटला. पंपाभोवती ओटा तोकडा, सांडपाण्याला वाट नाही, शेळ्यांनी सगळा चिखल केलेला. त्या फेरीत चर खणले, ओटा वाढवला, आणि पाने तिथंच ठेवले.

निवृत्तीनंतर मंगळवेढ्याकडच्या माझ्या गावी बचत गटाच्या सहा बायकांना पंप उघडायला शिकवला. सरपंच म्हणाले, "साहेब, बाया पाइप ओढणार?" मी म्हटलं, "रोज दहा हंडे कोण ओढतं?" पहिल्या दिवशी पाइप हातातून निसटून बोअरमध्ये गेला. तो काढण्यात दोन दिवस गेले. सरपंच रोज येऊन बघून जायचे, बोलायचे काही नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात त्यातल्या एकीचा फोन आला. "साहेब, वॉशर बदलला. पाणी आलं. पण एक नट उरलाय, तो कुठला?"