जास्तीचा दात

आज बचत आणि कर्ज बाजूला ठेवू, दाताचं बोलू.

आमच्या गटातल्या एका ताईचा मुलगा आठ वर्षांचा. दुधाचे दात पडले आणि वर अगदी मधोमध खुंटीसारखा टोकदार दात आला. आम्हीच म्हणालो, "जास्तीचा दात नशिबाचा, राहू दे." शाळेत मात्र पोरं त्याला 'तीनदात्या' म्हणायला लागली. तो तोंडावर हात ठेवून बोलू लागला, मग बोलेनाच. प्रार्थना म्हणायला पुढं बोलावलं, त्या दिवशी दप्तर तिथंच टाकून घरी आला. कसलं नशीब घेऊन बसलो होतो आम्ही!

सोयाबीनची सवंगणी आटोपल्यावर आम्ही दोघी त्या मायलेकासोबत सावंगी मेघेच्या दंत महाविद्यालयात गेलो. गाडीभाडं गटातून काढलं. एक्स-रेत दिसलं, की या दातानं कायमच्या दाताची वाट अडवली आहे. पुढचे कायमचे दात सातव्या-आठव्या वर्षी येतात. जास्तीचा दात बहुतेक वेळा तिथंच उगवतो, मुलींपेक्षा मुलांना जास्त. दुधाचा दात पडायच्या आधी मागून कायमचा आला, तर ते वेगळं. तो जास्तीचा नव्हे.

सुई देऊन जागा बधिर केली, दात काढला. दोन दिवस सूज, पातळ खिचडी. आम्हाला वाटलं, आता हसेल. कुठचं काय! फट दिसायची, हात तोंडावरच. अडकलेला दात उतरायला महिने लागतात. मग त्याची आई शाळेत जाऊन बाईंशी बोलली, तेव्हा ते नाव बंद झालं. संक्रांतीला तिळगूळ देताना तो मोठ्यानं बोलला. नवा दात तेव्हा नुसता डोकावत होता.

बुलढाणा जिल्ह्यातल्या १७ वर्षांच्या मुलाचं तर मोठंच होतं. दीड वर्ष त्रास, वडिलांना कर्करोगाची भीती. २०१४ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्याच्या जबड्यातून दातांसारखे २३२ तुकडे काढले. गाठ साधी निघाली.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येतात. त्या दिवशी पोरांचे दात पाहायला सांगा. आणि पुढच्या बैठकीला मुलांना सोबत आणा, आपणही 'आ' करायला लावू.