काचेवरचा जोड



पत्रिकेवर आजचा विषय वाचून काहींना वाटले असेल की, जेथे इतिहासाची आणि तत्त्वज्ञानाची चर्चा व्हायची, तेथे काचेला फळी चिकटवण्याचे काय काम? परंतु ज्या काचपेटीविषयी मी बोलणार आहे, तिच्यात समुद्राचा एक तुकडा जिवंत ठेवलेला असतो. इंग्लंडात फिलिप गॉस यांनी 1854 साली सागरी काचपेटीवर ग्रंथ लिहिला, आणि त्या काळी तेथे घरोघर अशा पेट्या दिसू लागल्या. प्रवाळ घरात वाढवण्याची विद्या मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साधली. तिचा प्रसार मुख्यतः युरोप-अमेरिकेत आहे. आपल्याकडे 2001 सालापासून पाषाणप्रवाळांच्या सर्व जातींना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. मालवणच्या खडकावरून तुकडा उचलून आणणे हा गुन्हाच होय. तेव्हा मी सांगतो ते जेथे हा छंद रीतसर चालतो तेथले आहे. त्यातले शास्त्र मात्र कोणत्याही खाऱ्या पाण्याच्या पेटीला लागू पडते.

हे छांदिष्ट पुष्कळ वस्तू घरीच करतात. प्रवाळाचे तुकडे ठेवायला फळी, नळ्यांना आधार, वरचे पाणी ओसंडून जावे म्हणून सांडव्याची छोटी पेटी. मग पहिला प्रश्न येतो, "सर्वांत पक्का डिंक कोणता?" माझे म्हणणे असे की, हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी पाहावे की जोडावर जोर कोणत्या दिशेने येतो, जोडातून पाण्यात काय उतरते, आणि उद्या तो सोडवायचा झाला तर काच शाबूत राहील काय.

जोराचा विचार करू. अॅक्रिलिकची एक किलो वजनाची फळी समुद्राच्या पाण्यात बुडवली की तिचे वजन जेमतेम 140 ग्रॅम भरते. म्हणजे फळीचा भार हा शत्रू नव्हे. चुनखडीच्या दगडाचे वजन मात्र पाण्यातही निम्म्याहून अधिक उरते, आणि तो फळीच्या बाहेरच्या कडेला ठेवला की तरफेसारखा काम करतो. पाकिटावरचे तिकीट सरळ ओढून निघत नाही, पण कोपरा उचलला की सहज सोलून निघते. जोडही तसाच सुटतो. सांडव्याच्या पेटीची गोष्ट याच्या उलट आहे. ती पंधरा सेंटिमीटर लांब, तितकीच रुंद आणि चाळीस उंच असेल, तर तिच्यात नऊ लिटर पाणी मावते. तिच्यातले पाणी नळीवाटे उतरून ती रिकामी झाली, की भोवतालचे पाणी तिला सुमारे नऊ किलोच्या जोराने वर रेटते. खाली पडेल म्हणून आधार द्यावा, आणि वस्तू वर उखडावी, असा प्रकार होतो!

आता डिंक. काचेशी सिलिकोनचे सख्य मोठे आहे, कारण दोघांच्या अंगी सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचीच साखळी असते. अॅक्रिलिकशी मात्र त्याचे नाते वरवरचे. शिवाय उष्णतेने अॅक्रिलिक काचेच्या सात-आठ पट प्रसरण पावते आणि पाणी शोषून किंचित वाकतेही. म्हणून काचेला चिकटवायची मोठी वस्तू शक्यतो काचेचीच करावी. सिलिकोन ओल्या काचेला धरत नाही, आणि जुन्या सिलिकोनलाही नीट धरत नाही. जागा पात्याने खरवडून, स्पिरिटने पुसून, कोरडी करावी. ते हवेतील ओलाव्याने बाहेरून आत घट्ट होत जाते, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. साध्या सिलिकोनला तोवर व्हिनेगरचा वास येतो. वास गेला म्हणजे काम झाले असे मानू नये. जाड थराला आठवडा द्यावा. सायनोअॅक्रिलेटचा घट्ट डिंक ओल्यावरही बसतो आणि प्रवाळाचा तुकडा दगडावर बसवायला उत्तम. पण तो ठिसूळ असतो, गुळगुळीत काचेवर भार पेलण्याचे काम त्याला देऊ नये.

विषाची बाब याहून गंभीर आहे. न्हाणीघरासाठी विकल्या जाणाऱ्या काही सिलिकोनांत बुरशीनाशक मिसळलेले असते. जे बुरशीला मारते ते प्रवाळाला सोडील, ही आशा व्यर्थ आहे. पितळेचा स्क्रू नको, कारण त्यातले तांबे अत्यल्प प्रमाणातही अपृष्ठवंशी जीवांचा घात करते. लोहचुंबक सोयीचा खरा, परंतु आजचे शक्तिमान चुंबक लोहयुक्त असतात आणि त्यांच्या निकेलच्या मुलाम्याखाली पुष्कळदा तांब्याचा थर असतो. एक ओरखडा उठला की गंज आत शिरतो. चुंबक वापरायचा तर प्लॅस्टिकच्या कवचात पूर्ण बंद केलेलाच वापरावा.

राहिली सोडवण्याची गोष्ट. पेटीचे कोपरे ज्या सिलिकोनने जोडलेले असतात, त्याच्याजवळ पाते चालवणे म्हणजे घराच्या आढ्याला करवत लावणे. म्हणून घरची वस्तू कोपऱ्यापासून चार बोटे दूर लावावी, आणि काढताना तंगुसाचा धागा करवतीसारखा मागे-पुढे ओढून जोड कापावा.

या सर्वांतून एक क्रम निघतो. जे काठावर टांगता येते ते टांगावे. टांगता येत नाही ते बंद चुंबकाने धरावे. दोन्ही जमत नसेल तरच चिकटवावे. रबरी चूषकाच्या वाटीवर मात्र काही मोलाचे सोपवू नये. ती कालांतराने कडक होते, खाली शेवाळ धरते आणि सुटते. नवी वस्तू आधी बादलीत, खाऱ्या पाण्यात आठवडाभर ठेवावी, मग हाताने ओढून पाहावी.

दगडासारखी वाढणारी कित्येक प्रवाळे वर्षाला एखादा सेंटिमीटरच वाढतात. मुठीएवढा गड्डा म्हणजे काही वर्षांची तपश्चर्या. रात्री एक जोड सुटला, तर सकाळी ती दगडाखाली चिरडलेली दिसते. त्या जीवाला तक्रार करता येत नाही. आपला निष्काळजीपणा त्याला मुकाट्याने सोसावा लागतो. ज्याला आपण त्याच्या समुद्रातून काढून काचेत ठेवले, त्याच्यासाठी आठ दिवस थांबणे हे कौशल्य नव्हे, कर्तव्य आहे.