दडलेली हवा

बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याकडे जाताना, पुढील आसन उलटून वाफाळत्या इंजिनाकडे हताशपणे पाहत उभी असलेली माणसे आपण कधी ना कधी पाहिली असतील. काही वर्षांपूर्वी त्यांत मीही होतो. गाडी होती जुनी मारुती ओम्नी. 1984 मध्ये ही व्हॅन प्रथम रस्त्यावर आली आणि 2019 मध्ये तिचे उत्पादन थांबले. तरी आपल्या गावांतून ती अजून इमानाने राबताना दिसते. दोष तिचा नव्हता, माझ्या घाईचा होता.

आदल्याच दिवशी मी स्वहस्ते जुने पाणी काढून नवे भरले होते. ते तोंडाशी आले तसे झाकण लावले व निश्चिंत झालो. घाटात हेड वाकले, गॅस्केट जळाले. मिस्त्री एवढेच म्हणाले, "साहेब, पाणी भरलंत, पण हवा काढलीच नाहीत."

या व्हॅनचे इंजिन पुढील आसनांखाली, तर रेडिएटर अगदी पुढे असतो. दोहोंना जोडणाऱ्या नळ्यांच्या चढउतारांत हवा अडकते. जेथे हवा साचते तेथे पाणी पोहोचत नाही, आणि पाण्यावाचून धातूची उष्णता वाहून नेणारे दुसरे कोणी नाही. त्यातून काटाही फसवतो: उष्णता मोजणारा भाग पाण्याऐवजी हवेत राहिला, तर इंजिन जळत असतानाही काटा शांत दिसू शकतो.

तेव्हा प्रथम इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. गरम रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. दाबाखालचे पाणी उसळून हात व चेहरा भाजतो. जुने पाणी भांड्यात धरावे, गटारात सोडू नये. कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते. कुत्री-मांजरे ते चाटतात आणि मरतात.

मग गाडी अशी उभी करावी की, भरण्याचे तोंड सर्वांत उंच राहील. हातब्रेक ओढून चाकांना दगड लावावेत. निम्मे कूलंट व निम्मे शुद्ध पाणी हे मिश्रण बहुतेक गाड्यांना चालते; ते सुमारे 107 अंशांना उकळते, साधे पाणी 100 अंशांना. ते बारीक धारेने ओतावे आणि मधून मधून रबरी नळ्या हाताने दाबाव्यात. बुडबुडे वर येतात. हवा सोडण्याचा स्क्रू असल्यास तो सैल करावा, व त्यातून अखंड धार आली की आवळावा.

आता झाकण उघडेच ठेवून इंजिन मंद गतीने चालू करावे. हीटर असल्यास त्याचा खटका पूर्ण गरमवर असावा. चेहरा तोंडापासून दूर ठेवावा. पाणी 80 ते 90 अंशांच्या आसपास तापले की थर्मोस्टॅट उघडतो. पातळी एकाएकी खाली जाते, बुडबुडे येतात. हीच दडलेली हवा. तेथे थोडे थोडे मिश्रण घालावे. बुडबुडे थांबले व दोन्ही मुख्य नळ्या गरम लागल्या की झाकण लावावे आणि बाजूची टाकी दोन खुणांच्या मध्ये भरावी.

येथेच काम संपले असे मी समजलो असतो. परंतु गाडी थोडी फिरवून रात्रभर थंड होऊ द्यावी व सकाळी पातळी पुन्हा पाहावी. ती उतरलेली असेल तर हवा अजून होती, किंवा कोठे तरी गळती आहे. त्याचा उलगडा झाल्याविना घाट चढू नये.

याच गाड्यांतून कोणी भाजी नेतो, कोणी शेजाऱ्यांची मुले शाळेत पोहोचवितो. त्यांच्यासाठी ही एका सकाळची तपासणी फार मोठी नाही. मी ती टाळली, आणि संबंध दुपार घाटात बसून काढली.