दुधाचा आणि रेशमाचा हिशेब

(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)

 

संस्थेच्या वाटचालीस पन्नास वर्षे पूर्ण झाली, याचा आपणा सर्वांना सार्थ अभिमान आहे. अशा मंगल प्रसंगी व्यापारी माणसाला ताळेबंद आठवतो. मी शास्त्राचा अभ्यासक नाही, साधा कापड दुकानदार आहे. परंतु वाणिज्य शाखेत शिकताना एक गोष्ट मनावर पक्की बिंबली की, जमेच्या प्रत्येक रकमेमागे कुठेतरी नावे पडलेली रक्कम असतेच. आज आपल्या अहिंसेच्या खात्यातील नावेची बाजू आपल्यासमोर मांडण्याचे धाडस करीत आहे.

१९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘वीगन’ हा शब्द रूढ केला. मांसाबरोबरच दूध, मध, चामडे, रेशीम, लोकर असे प्राण्यांपासून मिळणारे सर्व पदार्थ वर्ज्य करणे, हा त्याचा अर्थ. आपली शिकलेली मुले-मुली हा शब्द घरी घेऊन येतात, तेव्हा आपण हसतो आणि “दुधात कसली आली हिंसा?” असे म्हणून विषय संपवितो. परंतु चैत्र आणि आश्विन महिन्यांच्या ओळीत नऊ-नऊ दिवस आयंबिल करणाऱ्या आपल्या भगिनी दूध, दही, तूप हे सर्व विगय सोडतातच. म्हणजे हा आहार आपल्याला परका नाही. त्यामागचा हेतू मात्र वेगळा आहे. आपण रसनेवर जय मिळविण्यासाठी दूध सोडतो; ही मुले वासराचा विचार करून सोडतात.

आता त्या वासराकडे वळू. आपला नगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा, दुधाचा जिल्हा आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले त्रिवेणी’ ही संकरित गाय याच मातीत विकसित केली. दुधाने येथील अनेक कोरडवाहू कुटुंबांची चूल पेटती ठेवली, हे विसरून चालणार नाही. अकोले तालुक्यातील डांगी बैल आजही मुसळधार पावसात भाताच्या खाचरात राबतो, म्हणून त्याला घरात मान आहे. परंतु संकरित गाईच्या गोऱ्ह्याला औतालाही फारशी मागणी नाही आणि ट्रॅक्टर आल्यापासून तर मुळीच नाही.

२०१९ च्या पशुगणनेचे आकडे पाहा. देशात गोवंशातील माद्या सुमारे साडेचौदा कोटी, तर नर पावणेपाच कोटींच्या आसपास होते. २०१२ च्या तुलनेत माद्या सुमारे १८ टक्क्यांनी वाढल्या आणि नर सुमारे ३० टक्क्यांनी घटले. गाईच्या पोटी कालवड आणि गोऱ्हा जवळजवळ सारख्याच संख्येने जन्मतात. इतर कारणे वजा केली तरी ही तफावत कोणत्याही हिशेबनिसाला अस्वस्थ करील. कालवडीच जन्माव्यात, असे कृत्रिम रेतनाचे तंत्र आता उपलब्ध आहे. परंतु आटलेल्या गाईचा प्रश्न त्याने सुटत नाही.

श्रावकाच्या पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात आठवतो : बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि अन्नपाननिरोध. यातील शेवटचा अतिचार म्हणजे आश्रित जीवाचे अन्नपाणी तोडणे. आईच्या सडापासून वासराला वेळेआधी ओढून घेणे, हे या शब्दात बसते की नाही, याचा निर्णय प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा.

येथे शेतकऱ्याला दोष देण्याचा माझा हेतू नाही. दोन वर्षांपूर्वी लग्नाचा बस्ता बांधण्यासाठी पारनेरकडील एक जुने गिऱ्हाईक दुकानात आले होते. बोलता बोलता जीवदयेचा विषय निघाला. ते शांतपणे म्हणाले, “शेठ, तुमची दया खरी, पण दावण माझी आहे. भाकड जनावराला वैरण कुणी घालायची?” मला उत्तर देता आले नाही. मार्च २०१५ पासून आपल्या राज्यात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी झाली. आपण पेढे वाटले. कायद्याने मारणे थांबविले. सांभाळण्याचा भार मात्र शेतकऱ्याच्याच माथी राहिला. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत चारा छावण्यांच्या दावणीला उभी असलेली जनावरे आपण पाहिली आहेत. जूनमध्ये पाऊस पडला, छावण्या उठल्या आणि आपली आठवणही उठली.

आता माझ्या स्वतःच्या धंद्याविषयी. रेशमाचा किडा कोषातून पतंग होऊन बाहेर पडला, तर अखंड धागा तुटतो. म्हणून त्याआधीच गरम वाफेने किंवा उष्ण हवेने कोषातील जीव मारला जातो. एक किलो कच्च्या रेशमाला साधारण सात किलो ओले कोष लागतात आणि एका कोषाचे वजन दीड-दोन ग्रॅम भरते. म्हणजे किलोमागे चार हजारांच्या आसपास त्रस जीव! आपल्या भगवान नेमिनाथांनी लग्नाच्या भोजनासाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकला आणि रथ माघारी वळविला. आपण मात्र त्यांचेच अनुयायी असून लग्नमंडपात शालू नेसल्याशिवाय शोभा मानत नाही. कोषातील जीवाला आक्रोश करता येत नाही, एवढाच काय तो फरक.

पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य, म्हणजे प्राण्यांच्या अवयवांचा व्यापार, वर्ज्य सांगितला आहे. ते शब्द मी वर्षानुवर्षे उच्चारले आणि दुसऱ्या दिवशी रेशमाचे कपाट उघडून गिऱ्हाइकापुढे घड्या मोडल्या. चाळीस वर्षे त्यातून नफा घेतला. “आम्ही मारत नाही, फक्त विकतो,” असे मनाचे समाधान करून घेतले. परंतु आपल्या व्रतात ‘करणे’ आणि ‘करविणे’ एकाच पंक्तीत बसतात. येत्या दिवाळीच्या वहीपूजनापासून दुकानात शुद्ध रेशमाची नवी खरेदी होणार नाही, असे मी आज आपणा सर्वांच्या साक्षीने सांगतो. धंदा कमी होईल. माझा मुलगा या निर्णयावर खूश नाही, हेही लपवीत नाही. हैदराबादच्या कुसुम राजय्या यांनी पतंग उडून गेल्यानंतरच्या कोषांपासून ‘अहिंसा रेशीम’ तयार करून दाखविले. त्याला चकाकी थोडी कमी आणि किंमत अधिक. परंतु मार्ग आहे.

समाजापुढे तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, सुवर्णमहोत्सवी वर्षातील एक तरी स्वामीवात्सल्य दुधाविना व्हावे. आयंबिल शाळा चालविणाऱ्या समाजाला ते अवघड नाही. दुसरी, ट्रस्टच्या सत्कारातील शाल सुती असावी. तिसरी, जे दूध घेतात त्यांनी लिटरमागे एक रुपया भाकड जनावरांच्या वैरणीसाठी बाजूला काढावा. रोज दोन लिटर दूध घेणाऱ्या घराचे वर्षाला ७३० रुपये होतात. शंभर घरांचे ७३ हजार. छावणीची वाट न पाहता उन्हाळ्याआधीच कडबा घेता येईल आणि त्या पारनेरच्या गिऱ्हाइकाला काही उत्तर देता येईल.

चिचोंडीत जन्मलेल्या आचार्यसम्राट पूज्य आनंदऋषीजी महाराजांचा वारसा लाभलेला आपला जिल्हा आहे. त्या वारशाला साजेसे पुढील पन्नास वर्षांचे खाते आपण आज उघडू या. माझ्या बोलण्याने कोणाचे मन दुखावले असल्यास मनःपूर्वक मिच्छा मि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!